भिरभिरणारा रेणू लेझरने एका रेषेत कसा येतो?

हवेतला नायट्रोजनचा रेणू धावता धावता गिरकीही घेत असतो. एका गिरकीला लागतो साधारण एक पिकोसेकंद, म्हणजे सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग. अशी भिंगरी धरायला चिमटा आणायचा कुठून? तो चिमटा म्हणजे लेझर.

प्रकाश म्हणजे थरथरणारं विद्युतक्षेत्र. लेझरमध्ये ही थरथर एकाच रेषेत ठेवता येते. हे क्षेत्र रेणूतल्या इलेक्ट्रॉनांना ओढतं. लांबट रेणूत ते लांबीच्या दिशेने सहज सरकतात, आडवे तितके नाहीत. त्यामुळे रेणूला पीळ बसतो आणि तो क्षेत्राच्या रेषेकडे वळतो. पण क्षेत्राची दिशा तर सतत उलटते, मग पीळही उलटायला हवा ना? नाही. इलेक्ट्रॉनही तितक्याच झटपट दुसऱ्या बाजूला सरकतात. दोन्ही एकदम उलटल्यावर पीळ तोच राहतो. लेझर पुरेसा तीव्र असेल तर रेणू गिरकी सोडून लंबकासारखा झुलू लागतो.

या ‘लंबकी’ अवस्थांवर मुंबईतही काम झालं आहे. कुलाब्याच्या टीआयएफआरमधल्या दीपक माथुर, जी. रवींद्र कुमार आणि सहकाऱ्यांचा निबंध १९९६ मध्ये ‘फिजिकल रिव्ह्यू ए’मध्ये आला. त्यांनी घेतलेला रेणू कार्बन डायसल्फाइडचा होता: काडीसारखा सरळ, मधे कार्बन, दोन्ही टोकांना गंधक.

रेणू वळला हे कळतं कसं? तीव्र लेझर त्याचे बरेच इलेक्ट्रॉन उडवतो. उरलेले धनभारित तुकडे एकमेकांना ढकलत फुटतात आणि ज्या दिशेने उडतात, तीच रेणूची दिशा.

खरी गोम इथेच आहे. क्षेत्राच्या रेषेत आधीपासूनच असलेले रेणू जास्त सहज फुटतात. म्हणजे लेझरने रेणू वळवले, की नुसते वेचले? या शंकेवर बराच खल झाला. ती मिटवायला दोन स्पंद वापरतात: एक वळवणारा, दुसरा फोडणारा. दुसऱ्याची थरथर वेगळ्या दिशेत ठेवली, की वेचल्याचा भास वेगळा काढता येतो.

स्पंद अगदी आखूड असेल तर आणखी गंमत. रेणूंना नुसता धक्का बसतो, ते क्षणभर रांगेत येतात आणि पांगतात. पण क्वांटम नियमांमुळे गिरकीचे वेग ठरावीकच असतात, म्हणून लेझर गेल्यावरही नायट्रोजनचे रेणू सुमारे ८.४ पिकोसेकंदांनी पुन्हा रांगेत येतात. त्या क्षणी क्ष-किरण किंवा इलेक्ट्रॉन सोडले, तर अणूंमधलं अंतर मोजणं बरंच सोपं जातं.