दव असेपर्यंत

पहाटे ४.३०. माघात मंगळवेढ्याच्या काळ्या रानात कामाला अंधारातच हात लागतो. आदल्या दिवशी कणसं मोडलेला ज्वारीचा कडबा रानात पडलेला असतो. ऊन चढलं की त्याचा पाला कडक होऊन झडतो आणि जनावरांपुढे नुसती धाटं उरतात. म्हणून पेंढ्या बांधायच्या त्या दव असेपर्यंत. "आवर की गं, तांबडं फुटलं," सासू सुनेला म्हणते, पण तिचे स्वतःचे हातही थांबलेले नसतात. पाच पेंढ्यांचा एक पाचुंदा, मोजदाद त्याच हिशेबाने.

सकाळी ७. उपटणी सुरू. साडीवर नवऱ्याचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट, डोक्याला फडकं बांधून बायका ओळी धरतात. सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरलेली ही मालदांडी ज्वारी पाटाचं पाणी न पिता, जमिनीतल्या ओलीवर वाढलेली. आता त्या जमिनीला भेगा पडल्यात. दोन्ही हातांनी बुडखा धरायचा, कंबरेतून हिसका द्यायचा, मुळाची माती पायावर आपटून झाडायची आणि ताट आडवं घालायचं. विळ्याने कापलं तर काम हलकं होईल, पण रानात धसकटं राहतात आणि कडब्याची लांबीही जाते. हार्वेस्टर घातला तर दाणे मिळतात, कडब्याचा मात्र चुरा होतो. ज्याच्या दावणीला दोन म्हशी आहेत, त्याला हे परवडत नाही. तळहाताला फोड येतात, फुटतात, आणि त्याच हातांनी पुढची ओळ धरावी लागते. हे काम मी जवळून पाहिलं आहे. ताटातली भाकरी त्यानंतर स्वस्त वाटत नाही.

११ वाजता बांधावर भाकरी, शेंगदाण्याची चटणी, हरभऱ्याची भाजी, कांदा. दुष्काळात संत दामाजीपंतांनी सरकारी कोठारं लोकांसाठी खुली केली, ही कथा याच मंगळवेढ्याची. इथली म्हातारी माणसं जेवताना ती घरातली गोष्ट सांगावी तशी सांगतात.

दुपारी मोडणी. आधी उपटून वाळलेल्या ताटांची कणसं बसून मोडायची. पूर्वी या वेळी भलरी म्हटली जायची. आता कुणाच्या तरी मोबाइलवर गाणी लागतात. एक म्हातारी मात्र भरदार कणसं बाजूला काढून पदरात ठेवते. ते पुढच्या पेरणीचं बियाणं.

५ वाजता खळ्यावर ट्रॅक्टरचं मळणीयंत्र येतं. बैलांची पात आणि मधला तिवडा आता आठवणीतच राहिले. भुसा अंगभर चावतो, पण राशीपुढे नारळ फोडल्याशिवाय पोत्यात दाणा पडत नाही.

रात्री ८. धार काढून झाली, गंजीवर कडबा चढला. आता फोनवर उद्याच्या बायांची जुळवाजुळव. माणसं मिळत नाहीत, म्हणून बरेच जण काढणी उक्ती देतात आणि पुढच्या वर्षी त्या रानात ऊस घालतात.

मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तरी केंद्राने २०२४-२५ साठी संकरित ज्वारीला क्विंटलमागे ३,३७१ रुपये हमीभाव ठरवला, मालदांडीला ३,४२१. फरक ५० रुपयांचा. एवढ्यात एका बाईची दिवसभराची मजुरीही निघत नाही. हा फरक वाढलाच पाहिजे.