फूलबागेतील वाटा

बागेत गेलेला मनुष्य सामान्यतः दोनच गोष्टी करतो. बाकावर बसतो, नाहीतर फेऱ्या मारतो. आमच्या वर्गातील विद्यार्थ्यांना घेऊन आम्ही गेल्या हिवाळ्यात ग्वाल्हेरच्या फूलबागेत गेलो, तेव्हा आमचाही बेत याहून फारसा निराळा नव्हता. परंतु दरवाजातून आत शिरतो न शिरतो तोच एका विद्यार्थ्याने रांगेने उभ्या असलेल्या उंच, निमुळत्या झाडांकडे बोट दाखवून विचारले, "हाच ना तो अशोक, ज्याखाली सीता बसली होती?" या एका प्रश्नाने त्या दिवसाची सहल पार बदलून टाकली.

ते झाड अशोक नव्हे. आपण सर्वजण त्याला अशोक म्हणतो, रोपवाटिकेतही ते याच नावाने विकत मिळते. त्याचे पान मात्र साधे, लांबट आणि कडेने लाटांसारखे वळलेले असते, तर फुले इतकी फिकट हिरवी, की झाड फुललेले आहे हे जवळ जाऊन पाहिल्यावाचून कळत नाही. खरा अशोक, ज्यास आपण सीताअशोक म्हणतो, तो बुटका व पसरट. त्याच्या एका देठावर समोरासमोर पानांच्या जोड्या असतात, कोवळी पालवी तांबूस व लोंबती असते आणि केशरी-तांबड्या फुलांचे घोस थेट जुन्या फांद्यांवरच उमलतात. वैद्यमंडळी अशोकारिष्टासाठी साल वापरतात ती या खऱ्या अशोकाची. उंच झाडाची साल आणून कोणी काढा केला, तर तो नावालाच अशोकाचा. केवळ नावावर विश्वास ठेवल्याने रोग्याची फसगत कशी होते, हे मुलांच्या येथे ध्यानात आले.

वनस्पतिशास्त्रीय उद्यान म्हणून जी संस्था जगात जन्मास आली, ती मुळात हीच फसगत टाळण्यासाठी. इटलीतील पादुआ येथे 1545 साली विद्यापीठाने औषधी वनस्पतींची बाग लावली, ती वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना खरी वनस्पती कोणती व खोटी कोणती हे डोळ्यांनी पाहून ओळखता यावे म्हणून. ती बाग आजही तेथेच आहे. आपल्या देशात कलकत्त्याजवळ शिबपूर येथे 1787 साली, पुण्याजवळ दापोडीस 1828 साली आणि मुंबईत 1861-62 च्या सुमारास अशा बागा उभ्या राहिल्या. मुंबईची ती बाग म्हणजेच राणीची बाग, आजचे जिजामाता उद्यान. दापोडीची बाग आज उरली नाही. मात्र तेथील अधीक्षक अलेक्झांडर गिब्सन यांनी एका चित्रकाराकडून तेथील झाडांची जी सुंदर चित्रे 1847 ते 1850 या काळात काढून घेतली, ती एडिंबरोच्या उद्यानात जतन करून ठेवलेली आहेत. तो चित्रकार पोर्तुगीज-भारतीय होता, एवढेच त्याच्याविषयी नमूद आहे. बागेने झाडांची नावे सांभाळली, चित्रकाराचे नाव मात्र सांभाळले नाही, ही चुटपूट आम्हांस लागून राहिली.

साधी बाग आणि अशी बाग यांत फरक कोणता, असे मुलांनी विचारले. फरक फुलांत नाही, पाटीत आहे. शास्त्रीय उद्यानात प्रत्येक झाडाजवळ त्याचे नाव, कुळ, मूळ देश आणि ते केव्हा लावले याची नोंद असते. शिवाय झाडे लावण्यात काही विचार असतो. एका भागात केवळ औषधी वनस्पती, दुसऱ्यात ताडमाडांची जात, तिसऱ्यात गुलाब, काचेच्या घरात नेचे, तर वाळूत निवडुंग. यांमधून आखलेल्या वाटाही विषयवार असतात. कोणी सुवासाच्या वाटेने जातो, कोणी सालींच्या, कोणी फक्त परदेशांतून आलेल्या झाडांच्या.

फूलबाग ही काही असे शास्त्रीय उद्यान नव्हे. महाराज माधवराव शिंदे यांच्या कारकिर्दीत ती सजली आणि 1922 साली इंग्लंडच्या युवराजांच्या स्वागतप्रसंगी तिला विशेष मिरवण्यात आले. तेथील प्राणिसंग्रहालयही त्याच वर्षीचे. याच परिसरात गोपाळ मंदिर, मोती मशीद, गुरुद्वारा आणि थिऑसॉफिकल लॉज अशी चार स्थाने महाराजांच्या इच्छेने शेजारी शेजारी उभी आहेत. जवळच इटालियन धर्तीचे उद्यान आहे, तर पाण्याच्या मध्यभागी रंगमंच असलेला बैजाताल दौलतराव शिंद्यांच्या पत्नी बायजाबाई यांच्या नावाची आठवण करून देतो. बागेच्या लगत राणी लक्ष्मीबाईंची समाधी आहे. 1858 च्या जूनमध्ये, ग्वाल्हेरचा उन्हाळा आग ओकत असता, राणीचा देह येथे अग्नीच्या स्वाधीन झाला. तेथे पोचल्यावर मुलांनी न सांगता वह्या मिटल्या. आम्हीही काही बोललो नाही.

म्हणून आम्ही असे ठरविले, की पाट्या नसतील तर त्या आपणच मनात लावू आणि वाटाही आपणच आखू. मुलांचे गट पाडले. एका गटाने केवळ पाने पाहावयाची, दुसऱ्याने वास घ्यावयाचे, तिसऱ्याने पाणी कोठून येते व कोठे जाते ते शोधावयाचे. हा तिसरा गट प्रथम नाराज झाला, पण शेवटी सर्वांत अधिक शिकून आला. इटालियन पद्धतीच्या बागेत वाटा सरळ रेषेत, झुडपे कात्रीने कातरलेली आणि मध्यभागी पाणी असते. पाणी तेथे शोभेचे असते, थंडावाही देते. ग्वाल्हेरीस उन्हाळ्यात पारा 45 अंशांच्या वर चढतो, थंडीत कित्येकदा 5 अंशांच्या खाली उतरतो आणि पाऊस रत्नागिरीच्या तिसऱ्या हिश्श्याइतकाही पडत नाही. अशा मुलखात कारंजे ही चैन असली, तरी माळ्याच्या रबरी नळीची धार ही चैन नव्हे. मुलांनी त्या नळीच्या मागोमाग जाऊन पाहिले, तो हिरवळीस पाणी भरपूर आणि कडेच्या जुन्या झाडांस काहीच नाही. माळी म्हणाला, "ते आपले आपण पितात." त्याचे म्हणणे पुष्कळ अंशी खरे आहे. कडुनिंबाची मुळे खोल जातात. या भागातील डोंगरांवर आपोआप वाढणारी करधई तर उन्हाळ्यात काटक्यांचा भारा वाटते, आणि पावसाच्या आगमनाने हवा दमट होताच हिरवी दिसू लागते. आम्हा कोकणातून आलेल्यांस, जेथे आठ दिवस पाऊस पडला तर दगडासही शेवाळ येते, हा संयम पाहून नवल वाटते.

वासाचा गट एका घनदाट, काळपट हिरव्या झाडाखाली थबकला होता. फुलांचा हंगाम नव्हता, पण खाली पडलेल्या वाळक्या फुलांस अजूनही वास येत होता. ती बकुळ! माळ्याने तिला मौलसिरी म्हटले, लष्करातील मराठी घरांतली मुले बकुळ म्हणाली आणि आमच्या तोंडून नकळत 'ओंवळ' असा आमचा कोकणी शब्द निघून गेला. मुले हसली. एका झाडाची तीन नावे एका मिनिटात झाली. "मग खरे नाव कोणते?" असा प्रश्न येणारच होता.

शास्त्रज्ञांनी दिलेले नाव मिमुसॉप्स एलेंगी. यातील 'एलेंगी' हा शब्द लॅटिन नव्हे, तो मलबारचा आहे. मल्याळी लोक बकुळीस इलंजी म्हणतात. सतराव्या शतकात कोचीन येथे व्हान र्‍हेडे नावाचा डच अधिकारी होता. त्याने मलबारातील वनस्पतींवर 'होर्टुस मलबारिकुस' हा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला, तो 1678 ते 1693 या काळात ॲम्स्टरडॅम येथे छापला गेला. पुढे स्वीडनच्या लिनिअसने 1753 साली वनस्पतींना दुहेरी नावे देण्याची पद्धत रूढ केली, तेव्हा या ग्रंथातील कित्येक देशी नावे त्याने जशीच्या तशी उचलली. 'एलेंगी' हे त्यांपैकीच.

या ग्रंथाचे काम एकट्या डच अधिकाऱ्याच्या हातून होणे शक्य नव्हते. झाडांची माहिती देणाऱ्यांत इट्टी अच्युतन् हे मल्याळी वैद्य होते आणि त्यांच्याबरोबर रंगभट, विनायक पंडित व अप्पुभट हे तीन कोकणी वैद्य होते. गोव्याकडून देशांतर करून कोचीनला वसलेल्या समाजातील हे विद्वान. आपण दिलेली माहिती खरी आहे असे या तिघांचे प्रशस्तिपत्र 1675 सालचे असून ते ग्रंथाच्या पहिल्या खंडात छापलेले आहे. त्याची भाषा कोकणी, लिपी देवनागरी. नागरी अक्षरे युरोपात छापली गेल्याच्या अगदी आरंभीच्या उदाहरणांत त्याची गणना होते. घरी कोकणी बोलणाऱ्या आणि शाळेत मराठी शिकविणाऱ्या आमच्यासारख्यांना ही हकीकत सांगताना थोडा अभिमान वाटला, हे कबूल करावयास हरकत नाही. ग्वाल्हेरच्या माळ्याची मौलसिरी आणि आमची ओंवळ ही दोन्ही नावे एकाच पाटीवर लिहिता येतील, ती त्या दुहेरी नावाच्या आधाराने. शास्त्रीय नाव घरच्या नावांना हाकलून देत नाही, ती सारी एकाच झाडाची आहेत एवढीच साक्ष देते.

परतीच्या आधी आम्ही किल्ल्यावर गेलो. राजा मानसिंह तोमर (1486 ते 1516) याच्या मानमंदिराच्या भिंतींवर निळ्या-पिवळ्या चकचकीत फरशांत हत्ती, वाघ, हंस यांच्या जोडीने केळींची रांगच्या रांग काढलेली आहे. उन्हाळ्याच्या लूपुढे खऱ्या केळीची पाने फाटून चिंध्या होतात, पण पाचशे वर्षे झाली तरी ही केळीची बाग तशीच टवटवीत आहे. मुलांना ती वाघांहून अधिक आवडली. आमच्या परसातील केळी आठवल्यामुळे आम्हीही तेथे अंमळ अधिकच रेंगाळलो.

शेवटचा मुक्काम होता हजिऱ्यास. महंमद गौस यांच्या दगडी जाळ्यांच्या भव्य कबरीशेजारी तानसेनाची साधी, लहानशी कबर आहे, आणि तिच्याजवळ चिंचेचे झाड. या चिंचेचा पाला चघळला की गळा गोड होतो, अशी गायकांची श्रद्धा. दूरदूरहून येणाऱ्यांनी पाने नेली, पुढे पुढे सालही नेली असे सांगतात. तानसेनाच्या नावाशी जोडलेले ते जुने झाड आज नाही. तेथे आहे ते त्याच्यामागून आलेले तरुण झाड.

पाने म्हणजे झाडाचे स्वयंपाकघर. सूर्यप्रकाशात तेथे जे अन्न शिजते, ते सालीच्या आतल्या थरांतून मुळांपर्यंत पोचते. चार पाने तोडली तर झाड पुन्हा फुटते. पालवी येताच ती ओरबाडली, तर साठविलेली शिदोरी संपते. खोडाभोवती साल निघाली, तर मुळे उपाशी मरतात, आणि मुळे मेली की वरचा हिरवा विस्तार किती दिवस टिकणार? झाडावर राग धरून कोणी हे केले नव्हते. प्रेमाने केले होते. एका मुलीने विचारले, "मग पाला चघळून गळा खरोखर गोड होतो का?" आम्ही म्हटले, पाला आंबट असतो, तोंडास पाणी सुटते, घसा ओला होतो. त्याहून अधिक काही होते असे आम्हांस वाटत नाही. त्यावर तिने हातातील पान, जे बहुधा तिने आधीच तोडले होते, हळूच वहीत ठेवून दिले.

चिंचेचे शास्त्रीय नाव टॅमॅरिंडस इंडिका. अरबांनी तिला 'तमर हिंदी' म्हणजे हिंदुस्थानचे खजूर म्हटले, त्यावरून हे नाव आले. गंमत अशी, की झाडाचे मूळ स्थान आफ्रिका आहे. इतक्या प्राचीन काळी ती आपल्याकडे आली, की आमटीतून तिला परकी म्हणणे कोणास सुचणार नाही.

सहलीनंतर मुलांनी घरून चिंचोके आणले. चिंचोक्याचे कवच कठीण असते, म्हणून ते एका बाजूस किंचित घासून रात्रभर पाण्यात भिजत घातले आणि पावसाळ्याच्या तोंडाशी शाळेमागील भिंतीलगत कुंड्यांत पेरले. सुमारे दोन आठवड्यांनी कोंब दिसले. सारे उगवले नाहीत. जे उगवले त्यांची पाने संध्याकाळी मिटतात आणि सकाळी उघडतात, हे पाहण्यासाठी दोन-तीन विद्यार्थी शाळा सुटल्यावर मुद्दाम थांबतात. प्रत्येक कुंडीत त्यांनी पत्र्याची लहान पाटी रोवली आहे: चिंच, इमली, टॅमॅरिंडस इंडिका. खाली पेरल्याची तारीख आहे, आणि त्याखाली एका मुलीने बारीक अक्षरांत लिहिले आहे, 'पाने तोडू नयेत.'