कान कलविणे : एका कोरियन वाक्प्रचाराचा मराठी विचार

परकी भाषा शिकताना शब्द लवकर हाती लागतात. वाक्प्रचार मात्र उशिरा. शब्दाचा अर्थ कोशात सापडतो, पण कोणत्या अवयवाशी कोणते क्रियापद जोडावयाचे, याचा बोध भाषकांच्या सहवासाशिवाय सहसा होत नाही. चंदीगढच्या सेक्टर ३२मध्ये राहून कोरियन शिकणारी एखादी मराठी विद्यार्थिनी येथे कल्पावी. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने माध्यमिक स्तरावरील परकी भाषांत कोरियनचा नामनिर्देश केला असल्याने ही कल्पना आता दूरची राहिलेली नाही. घरात तिच्या कानावर मराठी पडते. रस्त्यावर आणि सेक्टरातील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात पंजाबी व हिंदी. अशा विद्यार्थिनीपुढे ‘लक्षपूर्वक ऐकणे’ या अर्थाचा कोरियन वाक्प्रचार येतो : ‘ग्वीरुल गिउरिदा’.

याची फोड सोपी आहे. ‘ग्वी’ म्हणजे कान. ‘रुल’ हा स्वरान्त नामाला लागणारा कर्मवाचक प्रत्यय असून बोलण्यात तो पुष्कळदा गळतो. त्यातील स्वर ओठांचा गोल न करता उच्चारावयाचा असल्याने देवनागरीतील उकार केवळ जवळचा मानावा. ‘गिउल्दा’ म्हणजे कलणे. त्यात प्रयोजक ‘इ’ मिळून ‘गिउरिदा’ म्हणजे कलविणे. एकूण अर्थ ‘कान कलविणे’. मराठीतही कलणे–कलविणे अशी जोडी असल्यामुळे मराठी भाषकास ही रचना परकी वाटण्याचे कारण नाही. साम्य येथेच संपत नाही. मराठीत दिवस कलतो, तसा कोरियनमध्येही याच क्रियापदाने सूर्य कलतो.

तथापि मराठीत कान कलत नाही. तो दिला जातो. हिंदीत कान दिला जातो, तसाच लावलाही जातो. पंजाबीतील ‘कन्न ला के सुणना’ याच दुसऱ्या जातीचे. इंग्रजीत कान उसना द्यावा लागतो. अवयव एकच, क्रियापदे मात्र भिन्न. आणि प्रत्येक क्रियापदात बोलणारा व ऐकणारा यांच्यातील नाते निराळे आहे. ‘देणे’ यात ऐकणारा दाता ठरतो. ‘लावणे’ यात अंतर नाहीसे करण्याचा प्रयत्न आहे. म्हणूनच भिंतीला कान लावून चोरूनही ऐकता येते. ‘कलविणे’ यात दान नाही आणि स्पर्शही नाही. आहे ती देहाची एक ढब. ऐकणारा आपल्या जागी राहून समोरच्याकडे झुकतो.

या क्रियापदाची इतर संगतही पाहण्याजोगी आहे. कोरियन भाषक मद्याचा पेला कलवितो, प्रयत्न कलवितो, लक्षही कलवितो. पेला कलला की आतील द्रव एका दिशेने वाहू लागतो. प्रयत्न व लक्ष यांच्या बाबतीतही जवळ असलेले एका दिशेने ओतणे हीच कल्पना दिसते. कानाच्या वाक्प्रचाराला या संगतीमुळे जी छटा लाभते, ती एकट्या ‘लक्षपूर्वक’ या क्रियाविशेषणात उतरत नाही.

याच्या शेजारी दुसरे क्रियापद ठेवावे : ‘ग्वीदामादुत्ता’, म्हणजे कानात भरून ठेवून ऐकणे. वडीलधाऱ्यांचा उपदेश असा ऐकावयाचा असतो. मराठीत ‘कान भरणे’ म्हणजे चहाडी करणे. उपदेश कानात राहत नाही, तो मनावर घ्यावा लागतो. येथे शब्दशः भाषांतर अर्थाची हानीच करील. उलट काही ठिकाणी दोन्ही भाषा जवळ येतात. हलक्या कानाच्या माणसाचे कान कोरियनमध्ये पातळ असतात. एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडून देण्याची रीत दोन्हीकडे आहे. गाढवापुढे गीता वाचणाऱ्या मराठी माणसाला बैलाच्या कानाशी सूत्रपाठ करणारा कोरियन अनोळखी वाटू नये. ‘ऐकणे’ याचा ‘आज्ञा पाळणे’ हा अर्थही उभयपक्षी समान आहे. दुखरा हात मराठीत ऐकत नाही, तसेच कोरियनमध्ये शरीर बोललेले ऐकत नाही. कोरियन मात्र एक पाऊल पुढे जाते : तेथे गुणकारी औषधही ‘ऐकते’. सेक्टर ३२च्या रुग्णालयातील मराठी रुग्ण तेच औषध ‘लागू पडले’ म्हणेल.

प्रश्न केवळ भाषाशिक्षणाचा नाही. हान कांग यांना २०२४ चे साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाल्यानंतर कोरियन कथात्म साहित्याकडे भारतीय वाचकांचे लक्ष अधिक वळले. परंतु मराठी वाचकाला हे साहित्य बहुधा इंग्रजीच्या मध्यस्थीने भेटते. ‘कलविणे’ इंग्रजीत ‘उसने देणे’ होते, किंवा क्रियाविशेषणात विरते. मग मराठीत ‘लक्षपूर्वक ऐकणे’ एवढेच उरते. मुळात जे क्रियापद मराठीला सहज पेलले असते, तेच मधल्या वाटेवर हरवते.

मराठीची आपली परंपराही या कामी दुबळी नाही. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाचा प्रारंभच श्रोत्यांकडे अवधान मागून होतो. दासबोधाच्या चौथ्या दशकात नवविधा भक्तीचे विवेचन श्रवणापासून सुरू होते. ‘जिवाचे कान करणे’ या वाक्प्रचारात तर अवयवाची मर्यादाच ओलांडलेली आहे. पण म्हणूनच तो सर्वत्र वापरता येत नाही. दाराबाहेरची चाहूल घेणाऱ्या पात्रासाठी तो शोभेल. वर्गात व्याख्यान ऐकणाऱ्यासाठी ‘कान देणे’ पुरेसे आहे. आणि पात्राचा देहच बोलणाऱ्याकडे झुकलेला असेल, तेथे अनुवादकाने ‘कान कलवून’ असे लिहिण्यास संकोच करू नये. मराठी वाचकास दिवस कलणे ठाऊक आहे. कान कलणे त्याला त्यावरून उमजेल.