वेगळेपणाचा हिशेब

वेगळे काम करण्याचे धाडस म्हणजे मनाला येईल ते करणे नव्हे. शेजारच्या विदर्भातले उदाहरण पाहा. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ‘सर्च’ ही संस्था काढली. न्यूमोनियाने बाळे दगावत होती, डॉक्टर दूर होते आणि सुइणींना मोठे आकडे मोजता येत नव्हते. म्हणून त्यांनी मण्यांची चौकट केली. दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. मिनिटाची वाळू संपण्याआधी लाल मणी सरकला, तर न्यूमोनिया समजायचा. पुढे गावातल्या प्रशिक्षित स्त्रिया आजारी नवजात बाळांना इंजेक्शनही देऊ लागल्या. हे रिवाजाबाहेरचे होते. पण बंगांनी ३९ गावांतले जन्म-मृत्यू नोंदवले, इतर ४७ गावांशी ताडून पाहिले आणि घटलेल्या बालमृत्यूंचा हिशेब १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये मांडला.

मी होमिओपॅथीचा डॉक्टर. लोक मलाही ‘वेगळा’ म्हणतात. तरी बेल्यातल्या माझ्या दवाखान्यात धापा टाकणारे बाळ आले, की मी मिनिटभर त्याचे श्वास मोजतो आणि लगेच मोठ्या दवाखान्यात पाठवतो. वेगळ्या वाटेचा धोका आपण पत्करावा. बाळाच्या माथी मारू नये.