ऑटोमॅटिक कारचा गिअरबॉक्स उतरवताय? टॉर्क कन्व्हर्टर नीट बसला का, ते विचारा

ऑटोमॅटिक कारचा गिअरबॉक्स दुरुस्त होऊन आला, पण गाडी जागची हलेना. असा नवा बिघाड कधी कधी फिटिंग करतानाच होतो. तो कसा टाळायचा?

टॉर्क कन्व्हर्टर म्हणजे काय?
मॅन्युअल गाडीत इंजिनाच्या क्रँकशाफ्टला जड फ्लायव्हील आणि त्यावर क्लच असतो. ऑटोमॅटिकमध्ये क्लचचे काम टॉर्क कन्व्हर्टर करतो. तेलाने भरलेल्या या गोल डब्यात इंपेलर, टर्बाइन आणि स्टेटर असतात. इंजिनाची ताकद तेलामार्फत गिअरबॉक्सकडे जाते. डबा स्वतःच जड असल्याने फ्लायव्हीलऐवजी पातळ फ्लेक्सप्लेट पुरते. एएमटी गाडीत मात्र कन्व्हर्टर नसतो, साधा क्लचच असतो.

उतरवताना
आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढतात. क्रँकशाफ्ट हाताने फिरवत कन्व्हर्टरचे बोल्ट एकेक करून खोलतात. मग कन्व्हर्टर गिअरबॉक्ससोबतच जॅकवर उतरतो. तो धरून ठेवला नाही, तर निसटून पडू शकतो.

खरी मेख बसवताना
कन्व्हर्टर गिअरबॉक्सच्या शाफ्टवर ठेवून फिरवत आत ढकलतात. तो टप्प्याटप्प्याने आत जातो. शेवटच्या टप्प्यात तो तेलाच्या पंपात अडकतो. हा टप्पा राहून गेला आणि गिअरबॉक्स बोल्ट आवळून इंजिनाकडे ओढला, तर पंप फुटू शकतो. पंप गेला की तेलाचा दाब बनत नाही आणि गाडी हलत नाही. गिअरबॉक्स पुन्हा उतरवावा लागतो.

ओळखायची खूण सोपी आहे. गिअरबॉक्स इंजिनाला हाताने ढकलूनच टेकला पाहिजे. त्यानंतरही कन्व्हर्टर मोकळा फिरला पाहिजे आणि फ्लेक्सप्लेटपासून थोडी फट राहिली पाहिजे.

गॅरेजमध्ये हे विचारा
• कन्व्हर्टर किती आत बसला, हे पट्टी लावून मोजले का?
• फ्लेक्सप्लेटला तडा आहे का? तिचे दाते झिजलेत का?
• क्रँकशाफ्टचे मागचे ऑइल सील पाहिले का? ते बदलायची हीच वेळ.
• बोल्ट टॉर्क रेंचने, कंपनीच्या मापानुसार आवळले का? काही गाड्यांत ते नवेच लागतात.
• गिअरबॉक्सचे तेल योग्य प्रकारचे भरून पातळी तपासली का?

हे प्रश्न फिटिंग सुरू होण्याआधीच विचारा. गिअरबॉक्स एकदा चढला की यातले बरेचसे बाहेरून दिसत नाही.