सांगलीचा भाव आणि आपली हळद

ताईंनो, मोबाईलवर सांगलीचा भाव बघून ओल्या हळदीचं गणित मांडू नका. तो भाव शिजवून, वाळवून, पॉलिश केलेल्या हळकुंडांचा असतो. पाच किलो ओली हळद वाळली की साधारण एकच किलो उरते. म्हणजे ओलीला किलोमागे २० रुपये मिळाले, तर सुक्या किलोचे १०० झाले. शिजवण्या-वाळवण्याचा खर्च घेणाऱ्याचा. स्वतः वाळवणार असाल तर सरपण, गिरणीचे पैसे आणि आपली मजुरीही धरा. ती कुणी वहीत लिहीतच नाही! निर्यातीच्या मालाची कुरकुमिन, शिसं अशी तपासणी होते. गुंठा-दोन गुंठ्यांना ते झेपत नाही. आपल्याला गटाची पावडर बरी. मात्र एफएसएसएआय नोंदणी करा आणि पाकिटावर ‘सांगली हळद’ छापू नका. त्या नावाला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय.