शब्दकोडे : अंदाज आणि पडताळा



बजाजनगरात सकाळचे वृत्तपत्र बहुधा दोन हातांतून जाते. रात्रपाळीहून परतलेले वडील चहा घेता घेता बातम्या चाळतात, आणि मग शाळेची वेळ होईतो मुले आतील पानावरचे शब्दकोडे उघडून बसतात. “अभ्यास सोडून हे काय चालविले आहेस?” असा प्रश्न पुष्कळ घरी ऐकू येतो. तो अगदीच गैर नव्हे. शब्दकोडे हा विरंगुळा आहे, आणि विरंगुळ्याने अभ्यासाची जागा घेऊ नये. परंतु हाच विरंगुळा योग्य रीतीने केल्यास मनाला एक उत्तम सवय जडते. ती सवय कोणती, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

शब्दकोड्याचा जन्म फार जुना नाही. २१ डिसेंबर १९१३ रोजी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या पत्राच्या रविवारच्या अंकात, मूळचे लिव्हरपूलचे असलेले आर्थर विन यांनी शंकरपाळ्याच्या आकाराचे पहिले कोडे छापले. १९२४ साली अमेरिकेत अशा कोड्यांचे पहिले पुस्तक निघाले, आणि १९३० पासून लंडनचे ‘टाइम्स’ हे गंभीर पत्रही ती छापू लागले. पुढे हा खेळ आपल्या देशी भाषांत आला व मराठी दैनिकांच्या पानांवर स्थिरावला.

मराठीत येताना मात्र त्याचे स्वरूप बदलले. इंग्रजीत एका घरात एक वर्ण, आणि असे वर्ण सारे मिळून २६. मराठीत एका घरात संपूर्ण अक्षर बसते. काना, मात्रा, वेलांटी व उकार यांसह. जोडाक्षर असले तरी घर एकच. ‘पाणचक्की’ या शब्दाला चार घरे लागतात : पा, ण, च, क्की. त्यामुळे कोडे रचणाऱ्याचे काम अवघड होते. कारण आडव्या व उभ्या शब्दांत नेमके तेच अक्षर त्याच मात्रेसह यावे लागते. सोडविणाऱ्याचा मात्र लाभ होतो. एक अक्षर निश्चित झाले की शब्दाचा मोठा भाग हाती येतो.

आता उदाहरण घेऊ. एके दिवशी वर्गातील फळ्यावर मी तीन आडवी घरे काढली व संकेत दिला : ‘आपल्या जिल्ह्याची कीर्ती वाढविणारे वस्त्र.’ क्षणात चहूकडून ‘पैठणी’ असा गजर झाला. पै, ठ, णी. घरे बरोबर भरली. मी काहीच न बोलता तिसऱ्या घरातून जाणारी तीन उभी घरे काढली आणि संकेत दिला : ‘कैलास लेणे जेथे आहे ते गाव.’ उत्तर अर्थातच ‘वेरूळ’. त्याचे मधले अक्षर ‘रू’ आडव्या शब्दाच्या शेवटच्या घरात पडले. ‘णी’ला तेथे जागा उरली नाही. वर्ग थोडा वेळ स्तब्ध झाला. मग एका मुलीने सांगितले, “हिमरू!” सूत व रेशीम यांच्या विणीचे, आपल्या शहराचे हे नक्षीदार वस्त्र. परंतु मागच्या बाकावरून दुसरा शब्द आला : ‘मशरू’. तेही येथेच विणले जाई, त्यालाही तीनच घरे, आणि शेवटी ‘रू’च. मग मी पहिल्या घरातून खाली आणखी एक उभा शब्द सोडला : ‘दिवाळीनंतर येणारे थंडीचे चार महिने.’ ‘हिवाळा’ हा शब्द जागेवर बसला आणि वाद मिटला. उत्तर हिमरू.

या खेळातील मर्म हेच होय. ‘पैठणी’ म्हणणारे विद्यार्थी मूर्ख नव्हते. त्यांचा अंदाज सयुक्तिक होता. पण अंदाज म्हणजे ज्ञान नव्हे. गणितात आपण उत्तराचा ताळा पाहतो, तद्वत् येथे आडव्या शब्दाचा ताळा उभा शब्द देतो. एका साक्षीने भागले नाही, म्हणून दुसरी साक्ष काढावी लागली.

याच उदाहरणात शुद्धलेखनाचाही एक धडा आहे. एका विद्यार्थ्याने ‘वेरुळ’ असा ऱ्हस्व उकार लिहिला, तेव्हा ‘हिमरू’तील दीर्घ ‘रू’शी त्याचे जुळेना. मराठी शब्दाच्या शेवटी ‘अ’ असेल तर त्यापूर्वीचा उकार दीर्घ लिहितात, म्हणून ‘वेरूळ’. परंतु विभक्ती लागताच तो ऱ्हस्व होतो, म्हणून ‘वेरुळास’. हा नियम व्याकरणाच्या तासाला त्याने अनेकदा ऐकला होता. घर अडले तेव्हा तो त्याच्या ध्यानात राहिला.

पडताळा नसेल तर काय होते, हेही इतिहासाने दाखविले आहे. एके काळी मोठमोठ्या बक्षिसांची शब्दकोडी आपल्या देशात प्रवेशमूल्य घेऊन चालविली जात. त्यांत कित्येक संकेत असे असत की दोन शब्द सारखेच शोभावेत. चालकांनी अगोदर ठरविलेल्या शब्दाशी जुळेल तोच बरोबर. १९५५ साली संसदेने कायदा करून अशा स्पर्धांच्या बक्षिसांवर महिन्यास १,००० रुपयांची व प्रवेशिकांवर २,००० ची मर्यादा घातली. १९५७ साली मुंबई राज्य विरुद्ध चमारबागवाला या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तशी एक स्पर्धा जुगारच ठरविली. कोडे तेच, घरेही तीच. परंतु बुद्धीने खात्री करून घेण्याची वाट बंद झाली, आणि विद्येचा खेळ नशिबाचा खेळ झाला.

पालकांस एक विनंती. नववीतील एका मुलाला ‘तीन नळ्यांतून बी पेरणारे अवजार’ हा संकेत दोन दिवस सुटला नाही. मोबाइलवर शोधण्याऐवजी त्याने ते घर रिकामेच ठेवले. तिसऱ्या दिवशी पाळीवरून आलेल्या वडिलांनी चपला काढता काढता सांगितले, “तिफण! ति म्हणजे तीन, आणि फण म्हणजे तिचे दात.” सातवीनंतर शाळा सुटलेल्या त्या गृहस्थांनी गावी असताना तिफण स्वतः हाकली होती. मुलगा मला म्हणाला, “सर, बाबांना इतके येते हे मला ठाऊकच नव्हते.” आपल्या वसाहतीतील कितीतरी घरे खेड्यांतून कारखान्यांकडे आली. शेतीचे, स्वयंपाकाचे, नात्यागोत्याचे शेकडो शब्द आईवडील व आजी-आजोबांच्या तोंडी आहेत. मुलांनी विचारले नाही तर ते त्यांच्याबरोबरच जातील.

शेवटी विद्यार्थ्यांस इतकेच सांगतो. कोडे पेन्सिलीने सोडवा, म्हणजे चूक खोडण्याची लाज वाटणार नाही. नवा शब्द भेटला तर तो शब्दकोशात पाहा. आपल्या भाषेत मोल्सवर्थचा १८३१ सालचा व १८५७ साली वाढविलेला कोश आहे, दाते व कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ आहे. दुसऱ्या दिवशी छापून येणारे उत्तर आधी पाहू नका. आणि येत नसेल तर घर रिकामे ठेवा. रिकाम्या घराने कोणाचे नुकसान होत नाही. चुकीने भरलेले घर शेजारच्या शब्दांनाही बिघडविते. परीक्षेत, व्यवहारात आणि कानी आलेली वार्ता पुढे सांगताना हीच सवय तुमच्या उपयोगी पडो.